इंजिनाचं तोंड

आमच्या इंजिनाला तोंड होतं. ज्या बाजूला पितळेची पट्टी ठोकलेली ते तोंड, आनि दुसऱ्या बाजूची ती पाठ. हे कुठल्या मेकॅनिकनं नाय, माझ्या सासूबाईंनी ठरवलेलं, आनि त्या तोंडापायी माझ्या सख्ख्या बहिनीची हळद माझ्या हातची जानार होती.

मी सातवीपर्यंत शिकले, त्यातपन सातवीची परीक्षा दिली नाय, म्हनून लिहिताना इकडचं तिकडं झालं तर सांभाळून घ्या. पन झालं ते सगळं माझ्या समोर झालं. निम्म्या वेळेला भीतीनं माझे डोळे मिटलेले होते, तरी कान उघडे होते.

आमचं घर बेलापूरच्या बाजूला, खाडीला लागून. मी लग्न होऊन आले तवा मळा गेलेला, नव्या शहरासाठी सरकारनं घेतला. विहीर बुजली, आता तिथं हापिसाच्या इमारतीचे खांब उभे राहतायत. सासरेपन त्याच वर्षी गेले. विहिरीवरचं डिझेल इंजिन तेवढं राहिलं, ते चौघांनी बांबूला बांधून घरी आनलं आनि ओटीवर ठेवलं. सासऱ्यांनी हौसेनं घेतलेलं, दोन्ही अंगाला दोन मोठी लोखंडी चाकं, मधी उभा जाडजूड देह. दर दसऱ्याला सासूबाई पितळेच्या पट्टीला हळदकुंकू लावायच्या, नारळ फोडायच्या, आनि मग वर्षभर गोनपाट घालून ठेवायच्या. नवीन नवीन मी रात्री पान्याला उठले की मला वाटायचं कोन मानूस बसलाय.

सासऱ्यांची एक होडीपन होती, वल्ह्याची. आमचे हे तुर्भ्याकडं कंपनीत फिटरच्या हाताखाली कामाला. दिवसभर दुसऱ्याच्या मशिनी खोलायच्या, त्यामुळं ह्यांचा हात शिवशिवायचा. एक दिवस जेवता जेवता म्हनाले, "इंजिन हाय, होडी हाय. दोघांचं लगीन लावून टाकतो."

मी हसले. मला वाटलं, गंमत करतायत.

त्याच आठवड्यात माझ्या माहेराहून बहिनीच्या लग्नाची पत्रिका आली. माझं माहेर खाडीच्या पार पलीकडं, उरनच्या अलीकडं, मिठागराच्या काठी. पान्यातनं सरळ दिसतं, पन रस्त्यानं जायचं म्हंजे आधी पनवेल, मग दुसरी यष्टी, मग चालत. मागल्या खेपेला गेले तवा मला गाडी लागली आनि माझी पोरगी तेव्हा चारच महिन्यांची, ती एवढी वकली की डोळे पांढरे केले. तेव्हापासून सासूबाईंनी सांगून ठेवलेलं, पोर मोठी होईस्तोवर यष्टीत बसवायची नाय. आनि वल्ह्यानं जायचं तर एक भरती जाते, एक ओहोटी येते, तेवढा वेळ अंगावरच्या पोरीला उन्हात कोन नेनार? म्हंजे इंजिन चाललं तर मी हळदीला जानार, नाय चाललं तर इथंच बसून पलीकडचे ढोल ऐकनार. वारा असला तर तेपन ऐकू येत नाय.

"तुना हळदीला आपल्या होडीतनंच नेतो," हे म्हनाले. बोलून गेले आनि मग रविवारमागून रविवार माझी ओटी गेली.

काय सांगू, सगळं इंजिन खोललं. ओटीभर नट, बोल्ट, स्प्रिंगा, आनि मी पोरीला कमरेवर घेऊन एका पायानं उड्या मारत चुलीकडं जायची. पिस्टन माझ्या भाताच्या टोपात रॉकेल घालून भिजत ठेवला. मी म्हटलं, "भात कशात शिजवू?" तर म्हनतात, "आज भाकरी कर." पिस्टनच्या रिंगा चिकटून बसलेल्या, त्या काढून नवीन बसवल्या. नवीन रिंग बसवताना हे श्वास धरून बसायचे, आनि ह्यांचं बघून मीपन श्वास धरायची, पोरगी आमच्या दोघांच्या तोंडाकडं टकाटका बघायची. एक रिंग मोडली. सासूबाई फक्त आतनं म्हनाल्या, "बांगडी फुटली का गो?"

मग वॉल, म्हंजे इंजिनाच्या झडपा, घासायचं काम निघालं. वॉलला काळी पेस्ट लावायची, दांडी दोन्ही तळहातात धरायची आनि इकडं तिकडं, इकडं तिकडं फिरवायची, ताक घुसळतात तसं. ते काम माझ्याकडं आलं, कारन ह्यांचे हात दुखले. मी भीत भीत बसले, पन खरं सांगते, हाताला सवयीचं होतं ते. सासूबाई बघत उभ्या राहिल्या आनि म्हनाल्या, "लोनी आलं म्हंजे सांग."

आनि पत्रिकेचं सांगायचं राहिलं. झाकनाखाली घालायला जाड कागदाचं गॅस्केट पायजे होतं. घरात जाड कागद एकच, बहिनीची लग्नपत्रिका. ह्यांनी मला न विचारता बरोबर मापानं कापली, मधी मोठ्ठं भोक, कडेला बारीक भोकं, आनि ग्रीस लावून बसवून टाकली. मी शोधतेय, शोधतेय, तर इंजिनाच्या कडेनं हळदीचा पिवळा कोपरा बाहेर आलेला!

"लग्नाच्या पत्रिकेला भोक पाडलं?" मी रडायला आले.

"तारीख तुझ्या ध्यानात हाय ना? मग झालं. चांगला कागद हाय, तेल झिरपनार नाय."

इंजिन तयार झालं, आता चालू करायचं. एकानं हँडल फिरवायचं आनि दुसऱ्यानं वरची कळ दाबून धरायची, म्हंजे चाक हलकं फिरतं. चाकानं जोर धरला की हँडलवाला ओरडतो "सोड!" आनि कळ सोडायची. आधी सोडली तर इंजिन उलटा झटका देतं आनि हँडल हाताला मारतं. कळ धरायला मी. हे फिरवतायत, चाक घूं घूं करतंय, माझ्या छातीत त्याच्या दुप्पट धडधड, आनि ह्यांनी "सो" म्हनायच्या आधीच मी सोडली. हँडल सटकलं, ह्यांच्या मनगटाला लागलं, हे पिंपळाच्या पानासारखे मागं जाऊन गोनपाटावर पडले.

"मी सोड म्हनालो का?"

"तुमी तोंड उघडलं ना!"

"अगं, मना श्वास घ्यायचा होता!"

मनगट सुजलं, हळद लावली. दुसऱ्या रविवारी पोरीला सासूबाईंकडं दिली, मी डोळे मिटले आनि फक्त कानानं काम केलं. "सोड!" आलं, सोडली, आनि इंजिन जे बोललं, डुग, डुग, डुग, डुगडुगडुग, घराची कौलं हलली. पोरगी आधी घाबरली आनि मग हसत सुटली. सासूबाई काय हसल्या नाय. पितळेच्या पट्टीसमोर उभं राहून त्यांनी दोन्ही हात जोडले. मळा गेल्यापासून तो आवाज घरात पयल्यांदा आला होता.

आता होडी. शेजारचे मामा म्हंजे आमच्या आळीतले जुने खलाशी, त्यांच्या होडीला असलंच इंजिन बसवलेलं. पान्याखाली फिरून होडी ढकलतो तो पंखा त्यांनी मोठा घेतला म्हनून जुना पितळी पंखा आमाला दिला. ह्यांनी त्यांच्या होडीत वाकून वाकून सगळं बघितलं, मापं घेतली, आनि मग आमच्या होडीच्या मागच्या अंगाला पंख्याच्या दांड्यासाठी भोक पाडायला घेतलं. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "होडीला भोक पाडून कुठं तरते का रं? शिकलेला हायस ना तू?"

मग इंजिन होडीत उतरवायची वेळ आली आनि ह्यांनी मापाप्रमानं सांगितलं, पितळेची पट्टी मागं येल.

"मागं?" सासूबाई उठून उभ्या राहिल्या. "देवाला पाठमोरं बसवतात का? पूजा पुढं नाळेवर, होडीच्या टोकाला करायची आनि ह्यानं मागं तोंड करून बसायचं? तोंड पुढंच पायजे."

हे म्हनाले, "इंजिनाला दोन्हीकडं दांडा हाय, काय फरक पडतोय." चौघांनी बांबू खांद्यावर घेऊन इंजिन फिरवलं, तोंड पुढं केलं, पाठीच्या दांड्याला पंखा जोडला. काय फरक पडतोय, हे ह्यांचे शब्द मी ध्यानात ठेवलेत, अजून वेळेवर काढते.

हळदीला आठ दिवस राहिलेले. रविवारी भरती बघून सगळी आळी काठावर जमली. सासूबाईंनी नाळेला कुंकू लावलं, इंजिनाच्या तोंडाला कुंकू लावलं, नारळ फोडला. होडी काठाकडं पाठ आनि खाडीकडं नाळ करून उभी. मी कळ धरायला होडीत. पान्याची मला भीती, इंजिनाची भीती, आनि एवढी मानसं बघतायत त्याची सगळ्यात जास्ती. गिअर-बिअर काय नव्हता आमच्या होडीला. इंजिन चालू की होडी चालू.

"सोड!"

सोडली. डुगडुग झालं, मागं पानी उसळलं, आळीतली पोरं ओरडली, आनि होडी निघाली. पाठी. सरळ पाठी, काठाकडं! मानसं उठून पळाली, हे "अरं थांब, थांब" म्हनून इंजिनाला सांगतायत, जसं काय ते ऐकनार हाय. होडी आपली ऐटीत मागं गेली, मामांच्या वाळत घातलेल्या जाळ्यात घुसली आनि चिखलात जाऊन रुतली. ह्यांनी डिझेल बंद केलं. एकदम शांत. मी अजून सोडलेल्या कळेवर हात ठेवून बसलेली.

मामा जाळं झटकत आले. "चिंबोरी निदान आडवी तरी चालते. ही तर कोळंबी निघाली, पाठी उडते."

झालं. त्या दिवसापासून आमच्या होडीचं नाव कोळंबी. पान्याला जाताना बायका विचारायच्या, "काय गो, हळदीला चाललीस ना? मग आत्ताच निघ, उलटी जाऊन जाऊन पोचशील." मी हसायची, पन घरी येऊन पोरीला पाजताना माझे डोळे भरायचे. माझी एकच बहीन. तिच्या अंगाला पयली हळद मी लावनार, असं लहानपनी मिठागराच्या बांधावर बसून ठरवलेलं आमचं.

ह्यांनी डोकं लावलं. ओहोटीला चिखलात उतरून पंखा काढला, पुढची बाजू मागं करून परत बसवला. भरती आली, चालू केलं. होडी परत पाठीच! ह्या वेळेला मामांनी जाळं आधीच उचलून घेतलेलं.

संध्याकाळी सासूबाई देवाच्या वाती वळत बसलेल्या. हे तोंड पाडून उंबऱ्यात. सासूबाईंनी एक वात उचलून ह्यांच्या नाकासमोर धरली. "ही अशी धर. आता उलटी धर. पीळ बदलला?"

"नाय."

"मग पंख्याचा कसा बदलेल? त्याची पाती काय सरळ हायत? पिळलेलीच हायत ना?"

ह्यांनी वात घेतली, इकडनं बघितली, तिकडनं बघितली. "आई, हे मना पयलं का नाय सांगितलंस?"

"मना कुनी इचारलं?"

म्हंजे पंखा उलटा करून उपयोग नाय. पंखा तोच ठेवायचा तर त्याला फिरवनारा उलटा फिरला पायजे, आनि इंजिन तर एकाच बाजूला फिरतं, त्याला उलटं फिरता येत नाय. तीन दिवस राहिले. हे म्हनाले, नवीन पंखा आनायला मुंबईला जावं लागेल, कंपनीत सुट्टी नाय. मग हळूच म्हनाले, "बघू गो, पुढच्या टायमाला." पुढच्या टायमाला म्हंजे काय? बहिनीचं लगीन दोनदा होनार हाय का?

दुसऱ्या दिवशी सकाळी हे कामावर जायच्या आधी ओट्यावर चहा पीत बसलेले. पोरगी माझ्या खांद्यावर, तिच्या मुठीत कागदाचं भिरभिरं, ह्यांनीच बाजारातनं आनलेलं. खाडीवरनं वारा आला आनि ते फिरायला लागलं. भिरभिऱ्याचं तोंड ह्यांच्याकडं, मी पाठच्या बाजूला.

हे म्हनाले, "बघ, कसं उजव्या अंगानं फिरतंय."

मी म्हटलं, "उजव्या कुठं? डाव्या."

"डोळे हायत का तुला? उजवं."

"माझे तरी हायत. डावं!"

चहा ठेवून हे उठून माझ्या बाजूला आले आनि वाकून बघायला लागले. मी त्यांच्या जागेवर गेले. इकडनं उजवं. परत आले. डावं. पोरीला वाटलं आमी तिच्याशी खेळतोय, ती खिदळायला लागली. आनि मला काय झालं, मला ते एकदम दिसलं, भीती वाटायच्या आधीच तोंडातनं निघून गेलं, "अवं, मग इंजिनाला उलटं फिरवायचं कशाला? त्यालाच पाठ करून बसवा ना. इकडच्या दांड्याच्या ऐवजी तिकडचा दांडा जोडा."

ह्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा भिरभिऱ्याकडं. मग कपाळावर हात मारला. "मामांच्या होडीत तोंड मागं हाय! पंखा त्यांचा घेतला आनि तोंड आमचं पुढं केलं!"

आनि मग आमी दोघांनी एकदमच चुलीकडं बघितलं, कारन तोंड कुनी पुढं करायला लावलेलं ते आमाला ठावं होतं.

"तू सांग," हे म्हनाले.

"मी? तुमची आई हाय!"

"मना कामाला उशीर होतोय," म्हनून चप्पल घालून निघूनपन गेले.

मी सासूबाईंच्या पुढ्यात उभं राहून कधी एका दमात चार शब्द बोलले नव्हते. पोरीला घट्ट धरलं, जशी काय तीच मला धरून हाय. म्हटलं, "आई, इंजिनाचं तोंड मागं करावं लागेल, नायतर होडी पुढं जायची नाय."

"नाय."

"आई..."

"नाय म्हटलं ना. त्यांनी आनलेली वस्तू ती. पाठमोरी बसवायची नाय."

मी परत फिरले असते. रोज तशीच फिरायची. पन कानात ढोल वाजत होते, ऐकू न येनारे. मी विचारलं, "आई, मळ्यात त्याचं तोंड कुठल्या बाजूला होतं?"

त्यांचा हात थांबला. म्हनाल्या, "घराकडं. त्यांनी तसंच बसवून घेतलेलं. म्हनायचे, मी वाकलेला असलो तरी हा घराकडं बघत राहील."

"मग होडीतपन घराकडंच राहू दे ना. होडी निघाली तरी ते तुमच्याकडं बघत जाईल."

सासूबाई चुलीतलं लाकूड उगाच मागं पुढं करत राहिल्या. मला वाटलं, आता काय खरं नाय.

"आनि येताना?" त्या म्हनाल्या. "येताना मना पाठ करून येल ना गो?"

हे काय मी ठरवलेलं नव्हतं. पन आलं तोंडात. "येताना माझ्या आयेकडं बघत येल. तिलापन कुनीतरी बघायला नको का?"

सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. म्हनाल्या, "सातवी पास असतीस तर आमाला विकून आली असतीस." आनि पोरीला माझ्या हातातनं घेतलं. एवढंच. पन मला समजलं.

संध्याकाळी परत चौघं आनि बांबू. बोल्ट काढले, इंजिन उचललं, गर्रकन फिरवलं, तोंड मागं. पानी आत येऊ नये म्हनून दांड्याभोवती ग्रीसमधी भिजवलेली सुताची दोरी भरतात, ती ह्या खेपेला सासूबाईंनी स्वतः वळून दिली.

हळदीच्या दिवशी सकाळी भरती होती. मी हिरवी साडी नेसलेली, पोरीच्या डोक्याला टोपरं, मांडीवर बहिनीसाठी नारळ आनि खन. आळी परत जमलेली, पन होडीच्या दोरीएवढ्या अंतरावर, लांबच. मामा जाळं खांद्यावर टाकूनच उभे.

"मामा, जाळं घाला की वाळत," हे ओरडले.

"आधी तू जा, मग घालतो!"

आता हँडल इंजिनाच्या दुसऱ्या टोकाला, पाठीकडं आलेलं, म्हंजे हातपन दुसऱ्या बाजूला फिरवायचा. ह्यांचा हात सवयीनं जुन्याच बाजूला गेला, इंजिन नुसतं फुसफुसलं. काठावर हसू फुटलं. "भिरभिरं आठवा!" मी ओरडले. एवढ्या मानसांत ओरडले, मी! हे थांबले, हसले, हात पुसला आनि दुसऱ्या बाजूनं फिरवायला लागले. चाकानं जोर धरला. पोरगी सासूबाईंच्या कडेवर, निघेपर्यंत. मी कळ धरलेली, आनि ह्या वेळेला डोळे उघडे ठेवले.

"सोड!"

डुग, डुग, डुगडुगडुग. होडी काठाला दोरीनं बांधलेली, ती दोरी ताठ झाली. ताठ, आनि बरोबर बाजूनं. होडी पुढं ओढत होती! ह्यांनी पोरीला घेऊन माझ्या मांडीवर दिलं, मामांनी दोरी सोडली, आनि आमी निघालो. पुढं. नाळ पुढं, पानी दोन्ही अंगाला फाटत चाललेलं. मला भीती वाटली का? वाटली ना. सगळ्या वाटेत मी एका हातानं पोर आनि एका हातानं फळी धरून बसले, आनि तोंडानं देवाचं नाव चालू. पन मागं बघितलं तर काठावर सासूबाई उभ्या, त्या आमाला हात करत नव्हत्या. मी त्यांची नजर बघितली. त्या इंजिनाच्या तोंडाला हात करत होत्या.

पोचलो तवा मांडवात बहीन पाटावर बसलेली, ताट भरलेलं, कुनीच हात लावला नव्हता. आयेनं सगळ्यांना थांबवून धरलेलं. माझ्या हाताला ग्रीसचा वास, नखात काळं, तशीच मी बसले आनि तिच्या गालाला पयली हळद लावली. एका गालाला पिवळी आनि एका गालाला जरा काळपट.

बहीन हळू आवाजात म्हनाली, "मना वाटलं, तू येत नायस. पत्रिका तरी मिळाली का तुना?"

मी म्हटलं, "मिळाली ना. तिच्यामुळंच तर आले. इंजिनात बसवलीय."